चटणीचे पैसे कोणत्या खात्यात? डिजिटल पेमेंट निवडण्याचा एक घरगुती अभ्यास

मागच्या लेखात आपण रिसर्च क्वेश्चन लहान कसा करत न्यायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं आलं, "ताई, दर वेळी केमिस्ट्रीचं उदाहरण नको, घरातलं काहीतरी द्या." म्हणून या वेळचं उदाहरण माझ्या घरातलं आहे. आणि खरं सांगायचं तर ते आम्हाला चांगलंच महागात पडलेलं आहे.

माझी आई आणि काकू सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतात. धंदा म्हणावा एवढा पसारा नाही, पण छंद म्हणावा एवढं छोटंही आता राहिलेलं नाही. महिन्यातून दोन-तीनदा घरचं कोणीतरी हुतात्मा एक्स्प्रेसने डबे घेऊन पुण्याला येतं, रविवारी सकाळी एका सोसायटीच्या आवारात टेबल लागतं, आणि बाकीच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तेव्हा आईकडे साधा बटणांचा फोन होता. त्यामुळे आम्ही सगळ्यात सोपा मार्ग धरला. माझ्या फोनमधला क्यूआर कोड प्रिंट केला, लॅमिनेट केला आणि टेबलावर चिकटवला. पैसे माझ्या बचत खात्यात जमा होणार. त्याच खात्यात माझी फेलोशिपही येते.

हा निर्णय घ्यायला आम्हाला दोन मिनिटं लागली. निस्तरायला तेवीस दिवस लागले. त्याकडे येतेच, पण आधी प्रश्न नीट मांडू.

"छोट्या व्यवसायासाठी कोणतं अ‍ॅप चांगलं?" हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. चांगलं म्हणजे कोणासाठी, कशाच्या तुलनेत आणि ते मोजायचं कशाने, यातलं काहीच त्यात नाही. तरी आपण सगळे हाच प्रश्न विचारतो. मीही विचारला, आणि ज्याने-त्याने स्वतः वापरतो त्या अ‍ॅपचं नाव सांगितलं. प्रश्नाचे तुकडे केले तर असे पडतात: पैसे देणारा माणूस समोर उभा आहे की दुसऱ्या गावात? एका वेळची रक्कम केवढी? पैसे आल्याची खात्री किती वेळात हवी? ते कोणाच्या नावावर जमा होणार? आणि व्यवहार अडकला तर कोणाचा दरवाजा ठोठवायचा? शेवटचे दोन प्रश्न आम्ही विचारलेच नव्हते.

थोडी पार्श्वभूमी. यूपीआय एनपीसीआयने एप्रिल २०१६ मध्ये आणलं. तुम्ही वापरता ते अ‍ॅप म्हणजे नुसता दर्शनी दरवाजा असतो. आत देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधे एनपीसीआयची यंत्रणा असे तिघं एकमेकांना निरोप देतात. म्हणून "अमुक अ‍ॅप बंद पडलं" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा अडचण अ‍ॅपची नसते, दोनपैकी एका बँकेच्या सर्व्हरची असते. आणि म्हणून अ‍ॅप बदलूनही खातं तेच ठेवलं तर फारसा फरक पडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार २००० कोटींच्या वर गेले. एवढ्या गर्दीत थोडे व्यवहार अडकणारच. आपले अडकले तर काय, एवढंच आपल्या हातात.

आता फी. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे टक्केवारी, घेतली जात नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी पैसे दिले तर छोट्या दुकानदाराला २००० रुपयांपर्यंत तिथेही शून्य. इतर डेबिट कार्डांसाठी २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला रिझर्व्ह बँकेने कमाल ०.४० टक्के ही मर्यादा घातलेली आहे, पण त्यासाठी मशीन लागतं, मशीनचं भाडं लागतं. चटणीच्या टेबलासाठी तो विषय तिथेच संपला. पेमेंट गेटवेची लिंक पाठवून पैसे घ्यायचे तर साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०० रुपयांच्या ऑर्डरमागे १० रुपये फी आणि १.८० जीएसटी असे ११.८० रुपये गेले. शिवाय पैसे दोन-तीन दिवसांनी हातात. बाहेरगावच्या पन्नास ऑर्डरी रोज येत असतील तर ही सोय पैसे वसूल करते, कारण कोणती रक्कम कोणत्या ऑर्डरची हे ती आपोआप जुळवते. आठवड्याला सात ऑर्डरी असतील तर वही पुरते.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, मग साधा यूपीआय क्यूआर घ्या, फुकट आहे, लेख संपला. मीही तसंच म्हटलं होतं.

पण टेबलाशी उभं राहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पासबुकात फक्त यशस्वी व्यवहार दिसतात. एक काका आले, दोन डबे घेतले, तीनदा स्कॅन केलं, चाक फिरत राहिलं, "राहू दे, पुढच्या रविवारी घेतो" म्हणाले आणि डबे ठेवून गेले. या माणसाची नोंद कुठे आहे? माझ्या खात्यात नाही. विक्रीच्या वहीत नाही. संध्याकाळी हिशोब केला तर सगळं शंभर टक्के जुळतं, कारण जे बिघडलं ते हिशोबात आलेलंच नाही.

केमिस्ट्रीवाल्यांना हे लगेच कळेल (माफ करा, आलंच शेवटी). रिपोर्टमध्ये एनडी, म्हणजे नॉट डिटेक्टेड, लिहिलं असेल तर पदार्थ नाहीच असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या उपकरणाला दिसला नाही एवढाच अर्थ होतो. एनडीच्या जागी सरळ शून्य टाकून सरासरी काढणारे सीनियर मी पाहिले आहेत. पासबुक हे तसंच एक उपकरण आहे. झालेलं पेमेंट त्याला दिसतं, परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. तुम्ही सोशल सायन्सचे असाल तर तुमच्याकडे हेच वेगळ्या रूपात येतं. दुकानदारांची मुलाखत घ्यायला जाल तर जे आज दुकान चालवतायत तेच भेटतील. ज्यांना जमलं नाही ते तिथे नसतीलच.

म्हणून मी एक साधी नोंदवही सुरू केली. काकूने तिला "तुझी प्रयोगवही" असं नाव दिलं. रकाने असे: तारीख, वेळ, रक्कम, कसे दिले (स्कॅन, नंबरवर, रोख, उधार), पहिल्या प्रयत्नात झालं का, खात्री व्हायला किती वेळ गेला, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात परत गेलेली माणसं. तीन रविवार भरले. एवढ्याशा नोंदींवरून कोणताही नियम सिद्ध होत नाही, पण प्रश्नच बदलला. मला वाटत होतं, वयस्कर लोक डिजिटलला घाबरतात म्हणून परत जातात. वहीत तसं दिसेना. परत जाणारे बहुतेक एकाच वेळी, नऊ ते दहाच्या दरम्यान, गर्दी असताना जात होते. टेबल पार्किंगच्या तळाशी होतं आणि तिथे नेटवर्क अर्धी काडी. टेबल उचलून गेटजवळ नेलं. त्याला काही फी पडली नाही.

दुसरी गोष्ट खात्रीची. "ताई, गेले पैसे, हा बघा स्क्रीनशॉट." फोन माझ्याकडे असेल तर मी बघू शकते. पण मी लॅबमध्ये, टेबलावर काकू, आणि खातं माझं. मग काकू मला फोन करणार, मी फ्यूम हूडमधून हात काढून, ग्लोव्ह्ज उतरवून बघणार, तोवर समोर चार माणसं खोळंबलेली. स्क्रीनशॉट जुना असू शकतो, बनावट अ‍ॅपमधला असू शकतो. खात्यात रक्कम दिसली हाच एक पुरावा. याला उपाय साउंडबॉक्स. पैसे जमा झाले की तो बोलतो, कोणाचा फोन कोणाकडे आहे याने फरक पडत नाही. आम्हाला महिन्याचं भाडं १२५ रुपये सांगितलं. "फुकट" यूपीआयचा हा पहिला खरा खर्च, आणि माझ्या मते सगळ्यात योग्य खर्च.

साउंडबॉक्स आणल्यावर त्या महिन्यात विक्री वाढली. काकूने निष्कर्ष लगेच काढला: "डबा लकी आहे." तुम्ही मात्र थांबा. तो महिना दिवाळीचा होता, टेबल गेटजवळ आलेलं होतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी चटणीचा फोटो टाकला होता. आधी आणि नंतर एवढीच तुलना असेल आणि मधे तीन गोष्टी बदलल्या असतील, तर श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवता येत नाही. पीएच.डी.च्या प्रस्तावांमध्ये ही चूक मी इतक्या वेळा वाचली आहे की आता हसूही येत नाही.

याच विषयावर ज्यांना खरोखर संशोधन करायचंय त्यांच्यासाठी एक मोठं कंसातलं वाक्य. डिजिटल पेमेंटवरच्या प्रबंधांमध्ये तुम्हाला फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल सारखं भेटेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादी गोष्ट उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, यावरून माणूस ती वापरेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. मॉडेल चांगलं आहे. पण ते मुळात ऑफिसमधल्या माणसाने एखादं सॉफ्टवेअर वापरण्याबद्दल होतं. आमच्या काकूला उपयोगी वाटतं का, हा प्रश्न इथे अर्धाच आहे. समोरच्याच्या खिशात रोख नसेल तर काकूला निवड कुठे उरते? विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघं एकाच पद्धतीवर आले तरच ती चालते. याला टू-साइडेड मार्केट म्हणतात, आणि पेमेंट कार्डांच्या संदर्भात रोशे आणि तिरोल यांनी त्यावर मूलभूत काम केलेलं आहे. तिरोल यांना २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा "पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत" अशी पाच पर्यायांची प्रश्नावली कॉपी करण्याआधी ठरवा, तुमचं एकक कोण? माणूस, दुकान की एक एक व्यवहार? मी व्यवहार हे एकक धरलं म्हणून पार्किंगमधलं नेटवर्क सापडलं. माणूस धरला असता तर "ज्येष्ठ नागरिकांमध्ये डिजिटल साक्षरतेचा अभाव" असं काहीतरी छान लिहून मोकळी झाले असते.

आता ते तेवीस दिवस.

व्हॉट्सअ‍ॅपवरून एक ऑर्डर आली, १२०० रुपयांची. पैसे आले, पार्सल गेलं. सात-आठ आठवड्यांनी मेसचं बिल भरायला गेले तर व्यवहार होईना. शाखेत विचारलं तेव्हा कळलं की खातं गोठवलंय. झालं होतं असं: ऑनलाइन फसवणूक झालेल्या कोणीतरी तक्रार केली होती. १९३० या हेल्पलाइनवर किंवा पोर्टलवर अशी तक्रार नोंदली की पैसे कुठून कुठे गेले याची साखळी शोधली जाते आणि साखळीतल्या खात्यांना कुलूप लागतं. कधी फक्त वादातली रक्कम अडवतात, कधी अख्खं खातं. त्या साखळीत चौथ्या की पाचव्या कडीला आमची चटणी होती. माझं अख्खं खातं अडवलं गेलं. त्यात १२०० रुपये चटणीचे होते आणि नुकतीच एकदम जमा झालेली तीन महिन्यांची फेलोशिप होती.

तक्रार दुसऱ्या राज्यातली. शाखेने तिथल्या पोलीस ठाण्याचा ईमेल दिला आणि हात वर केले. मी घाबरले होते, हे लपवत नाही. कॉन्फरन्सची नोंदणी राहिली, मैत्रिणीकडून उसने घेतले, आणि आई रोज फोनवर एकच म्हणायची, "माझ्या चटणीपायी तुझं शिक्षण अडलं गं." तिला समजावणं हे बँकेपेक्षा अवघड होतं.

सुटका झाली ती कागदांमुळे. काकूची बिलबुकातली कार्बन कॉपी, ऑर्डरचं चॅट, पार्सलची पावती, आणि माझ्या प्रयोगवहीतली ती ओळ. तारीख, रक्कम, सगळं एकमेकांशी जुळत होतं. अर्जासोबत हे सगळं जोडलं, बँकेलाही एक प्रत लेखी दिली आणि पोच घेतली. तेविसाव्या दिवशी खातं सुरू झालं.

त्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी फेलोशिपवर असलेल्या किंवा उद्या असणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. बहुतेक फेलोशिपच्या हमीपत्रात आपण पूर्णवेळ संशोधन करू, दुसरं पगारी काम घेणार नाही असं लिहून देतो. धंदा आईचा होता, पण खात्यात पाहिलं तर दर रविवारी माझ्याकडे वीस-पंचवीस अनोळखी लोकांचे पैसे येत होते. उद्या कोणी विचारलं तर "ते आईचे आहेत" हे तोंडी सांगून भागत नाही. तुमचा स्वतःचा जोडधंदा असेल तर आधी हमीपत्राचा तो परिच्छेद वाचा आणि गाईडशी बोला. घरच्यांचा असेल तर तुमचा क्यूआर देऊ नका. दोन मिनिटांची सोय वाटते, पण नको.

कराबद्दल थोडक्यात, कारण यूपीआय घेतलं की टॅक्स लागतो अशी अफवा फार आहे. पैसे कसे आले यावर कर ठरत नाही, किती आले यावर ठरतो. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी लागते, सेवांसाठी २० लाख. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूमध्ये छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. भीती समजू शकते, पण पाटी बदलल्याने उलाढाल बदलत नाही. उलट आयकरात छोट्या व्यावसायिकांसाठी जी अंदाजित नफ्याची सोय आहे तिच्यात रोख विक्रीवर नफा ८ टक्के धरतात आणि डिजिटलवर ६. तीन लाखांच्या विक्रीवर २४,००० की १८,००० एवढा तो फरक.

सध्या आमची व्यवस्था अशी आहे. आईच्या नावावर वेगळं खातं, त्यात चटणीशिवाय दुसरं काही नाही. उद्यम नोंदणी केली, ती ऑनलाइन आणि मोफत होते. त्या खात्याला मर्चंट क्यूआर जोडला. पर्सनल क्यूआरवर क्रेडिट कार्डवाला यूपीआय चालत नाही, मर्चंटवर चालतो, हा एक फायदा. एक तोटाही आहे: व्यवहार अडकला तर पर्सनलमध्ये पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, मर्चंटमध्ये ही मुदत पाच दिवसांची. मुदत उलटली तर गिऱ्हाईकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे काकू आता गिऱ्हाईकांना स्वतः समजावून सांगते. टेबलावर साउंडबॉक्स, बाहेरगावच्या ऑर्डरींना त्याच क्यूआरचा फोटो, मोठी ऑर्डर असेल तर सरळ खाते क्रमांक. गेटवे नाही. दर रविवारी संध्याकाळी शिल्लक ठेवून बाकीचे पैसे घरच्या खात्यात वळवतो, म्हणजे पुन्हा कुलूप लागलंच तर आत फार काही अडकू नये.

आईला स्मार्टफोन घेतला. पहिला धडा एकच दिला: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोणी पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून दे. दुसरा धडा ती मला देते. दर टेबलाआधी क्यूआरवर नखाने खरवडून बघते, कोणी वरून दुसरा चिकटवला नाही ना.

नोंदवही अजून चालू आहे. मागच्या रविवारी शेऱ्यात काकूच्या अक्षरात एक ओळ होती: "एक बाई रोख देत होत्या, सुट्टे नव्हते, परत गेल्या." हा रकाना मी फक्त डिजिटलसाठी ठेवला होता.